ठोका, अनुरणन आणि हात : नमुनाबद्ध वाद्यनादाची एक मीमांसा

१

आपल्याकडे तालवाद्याचे शिक्षण वाद्यापासून सुरू होत नाही, वाचेपासून सुरू होते. शिष्याने आधी बोल म्हणायचा, टाळी-खालीसह तो जिभेवर पक्का करायचा आणि मगच पुडीवर हात ठेवायचा. या क्रमामागे एक सिद्धान्त आहे. आघातातून निर्माण होणारा नाद हा केवळ भौतिक ध्वनी नसून उच्चार आहे, त्याला अक्षर आहे आणि म्हणून त्याचे वाक्यही होऊ शकते, असा तो सिद्धान्त होय. 'तबला बोलतो', 'ढोलकी बोलते' असे आपण म्हणतो तेव्हा ते निव्वळ रूपक नसते. भाषेच्या अभ्यासकाने वाद्यनादाविषयी बोलावे की नाही, या शंकेचे उत्तर या एका क्रियापदात आहे.

गेल्या चार दशकांत संगीतनिर्मितीची जी पद्धत जगभर रूढ झाली, तिने हा क्रम उलटा केला. तिच्यात आधी नाद येतो, तोही सुटा. कोणीतरी, कुठेतरी, एका वाद्यावर एकेक आघात केलेला असतो. तो ध्वनिमुद्रित करून संगणकीय प्रणालीत साठवलेला असतो. संगीतकार पडद्यावरील चौकटीच्या जाळीत हे सुटे आघात मांडतो आणि त्यातून ताल उभा राहतो. या सुट्या आघाताला 'सॅम्पल' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'नमुना' हा शब्द वापरला आहे. अशा नमुन्यांचे जे संच आज विकले जातात, त्यांत एका प्रकाराला विशेष प्रतिष्ठा आहे : 'व्हिंटेज' ड्रमसंचांचे नमुने. १९६० च्या आसपासचे लुडविग, ग्रेच, स्लिंगरलँड अशा घडणीचे ड्रम, त्या काळचे मायक्रोफोन आणि शक्य तर त्या काळची ध्वनिमुद्रणाची खोली, अशी त्यांची जाहिरात असते.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात राहणाऱ्या आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला या वस्तूशी काय कर्तव्य असावे? आमच्या एम.ए.च्या वर्गातला एक जुना विद्यार्थी लालबागला राहतो आणि गणेशोत्सवासाठी गाणी तयार करतो. त्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत असा एक संच मी प्रथम ऐकला. ऐकताना जे प्रश्न पडले ते संगीताचे कमी आणि साहित्यविचाराचे अधिक होते. सुटा नाद म्हणजे काय? त्याचे जुनेपण कशात असते? आणि ज्याच्या हातून तो निघाला, त्याचे या व्यवहारात काय होते?

२

नमुन्याचा इतिहास हा एका अर्थाने स्मृतीच्या किमतीचा इतिहास आहे. रॉजर लिन यांचे 'एल.एम.-१' हे यंत्र १९८० मध्ये आले. खऱ्या ड्रमच्या आघातांचे अंकीय नमुने साठवणारे ते पहिले तालयंत्र. त्याच वर्षीचे रोलंडचे 'टी.आर.-८०८' हे यंत्र ड्रमचा आवाज विद्युत्-मंडलातून कृत्रिमरीत्या घडवीत असे. लिन यांनी मात्र तो प्रत्यक्ष वाद्याकडून उसना घेतला. या पहिल्या यंत्रात एक गोष्ट नव्हती : मोठी झांज. कारण साधे होते. बेस ड्रमचा आघात क्षणात संपतो, झांजेचा नाद कितीतरी सेकंद रेंगाळतो आणि तो साठवायला त्या वेळी अतिशय महाग असलेली यंत्रस्मृती लागते. १९८२ च्या 'लिनड्रम'मध्ये झांज आली.

ही घटना तांत्रिक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आघात स्वस्त होता, त्याचे रेंगाळणे महाग होते. काय लक्षात ठेवायचे आणि काय विसरायचे, याचा निर्णय सौंदर्यदृष्टीने नव्हे तर साठवणुकीच्या खर्चाने केला आणि पुढे काही काळ त्या निर्णयालाच शैलीचे रूप आले.

यंत्रस्मृती स्वस्त झाली तसा नमुनाही बदलला. आजच्या संचात एकाच स्नेअर ड्रमचे अनेक आघात असतात : हलका, मध्यम, जोराचा, काठावरचा. बोटाने कळ किती जोराने दाबली हे १ ते १२७ या आकड्यांत मोजले जाते आणि त्यानुसार योग्य तो थर वाजतो. एकच नमुना सलग वाजला तर यंत्रपणा उघडा पडतो. म्हणून एकाच बळाचे चार-सहा आघात साठवून ते आळीपाळीने वाजवले जातात. वाद्याजवळचा मायक्रोफोन, डोक्यावरचा मायक्रोफोन आणि खोलीच्या कोपऱ्यातला मायक्रोफोन यांचे नाद वेगवेगळे ठेवून ते हवे तसे मिसळण्याची सोय असते. थोडक्यात, यंत्र आता माणसाच्या अनियमिततेची प्रतिकृती करू लागले आहे. जुन्या वादकाचा जो दोष मानला जात होता, दोन आघात कधीही अगदी सारखे न येणे, तोच आता गुण म्हणून विकत मिळतो.

३

या संचांचे 'व्हिंटेज'पण नेमके कशात आहे? हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा, म्हणजे एका विशिष्ट वर्षाचा. परंतु नमुनासंचात वर्ष असते ते वाद्याचे, वादनाचे नव्हे. साठ वर्षांपूर्वीचा ड्रम आज कोणीतरी वाजवतो आणि त्याचे नमुने तयार होतात. तो ड्रम ज्याने त्या काळी वाजवला, त्याचा हात यात कुठेही नाही. जुनेपण वस्तूला चिकटले आहे, कृतीला नाही.

तरीही ऐकणाऱ्याला जुनेपणाची प्रतीती येते, हे खरे. आघात हा वाच्य आहे. त्याने एवढेच कळते की ड्रम वाजला. मात्र आघातानंतर जे उरते, खोलीच्या भिंतींवरून परतलेला नाद, कातड्याचा वा प्लॅस्टिकच्या पडद्याचा कंप, मायक्रोफोनने केलेली किंचित विकृती, ते 'हा अमुक काळ आहे' असे सुचवते. आनंदवर्धनाच्या परंपरेने वाच्यार्थानंतर क्रमाने जाणवणाऱ्या व्यंग्याला 'अनुरणनरूप' म्हटले. घंटेचा टोल पडून गेल्यावर जसा तिचा नाद मागे राहतो, तसा तो अर्थ. काव्यशास्त्राने घंटेकडून घेतलेली ही उपमा वाद्यनादाला परत करताना तिच्यात काही ओढाताण करावी लागत नाही. व्हिंटेज संच विकतो ते अनुरणन. १९८० मध्ये जे महाग म्हणून वगळले, तेच आता सर्वांत मोलाचे ठरले आहे.

व्यंग्यार्थाला सहृदय लागतो, हेही इथे लागू पडते. ज्याने त्या काळच्या ध्वनिमुद्रिका ऐकलेल्या नाहीत, त्याला तो नाद फक्त थोडा मळकट वाटेल. म्हणजे जुनेपण नमुन्यात साठवलेले नसते. ऐकणाऱ्याच्या स्मृतीत साठवलेले असते आणि नमुना तिला हात घालतो. मग प्रश्न असा येतो की आपल्या, म्हणजे या शहरातल्या, ऐकणाऱ्याच्या स्मृतीत कोणती खोली आहे?

ती खोली बहुधा ताडदेवच्या फिल्म सेंटरची किंवा फेमसची असेल. परळच्या राजकमल कलामंदिराचीही असेल. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये उभारलेल्या या चित्रसंस्थेतील ध्वनिमिश्रणाशी मंगेश देसाई यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. ड्रमसेट मुंबईत आला तो मोठ्या हॉटेलांतील जॅझ वाद्यवृंदांच्या मार्गाने, गोवेकर, पारशी आणि अँग्लो-इंडियन वादकांच्या हातांनी. तेथून तो चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणगृहांत गेला. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बर्जोर, लेस्ली गुदिन्हो, फ्रँको वाझ हे ड्रम व पाश्चात्त्य तालवाद्यांच्या बाजूचे. मारुतीराव कीर, होमी मुल्लां हे त्यांच्या शेजारी बसून तबला, डुग्गी आणि नाना तऱ्हेची हातवाद्ये वाजवणारे. गाणे पुष्कळदा एका दमात मुद्रित होई. साठ-सत्तर वादक, गायक आणि ताल देणारे सर्वजण एकाच वेळी वाजवीत. एकाच्या मायक्रोफोनमध्ये दुसऱ्याचा नाद शिरे. ड्रमचा आघात व्हायोलिनच्या मायक्रोफोनमधूनही ऐकू येई आणि ढोलकाची थाप ड्रमच्या मायक्रोफोनमध्ये पडे.

याचा अर्थ असा की त्या गाण्यांतील ड्रमचे अनुरणन हे केवळ खोलीचे नाही. ते इतर माणसांचेही आहे. भिंतींइतकेच त्या साठ-सत्तर शरीरांनी आणि त्यांच्या वाद्यांनी ते घडवले आहे. नमुनासंचासाठी वाद्य मुद्रित करताना मात्र पहिली अट असते ती निःशब्दतेची. त्या खोलीत वादकाशिवाय कोणीही वाजवत नसते. म्हणून व्हिंटेज संचाची खोली कितीही प्रामाणिक असली तरी ती रिकामी खोली आहे. १९९० च्या दशकाच्या ओघात मुंबईतील ती सामूहिक ध्वनिमुद्रणाची पद्धत संपली आणि तिच्याबरोबर भरलेल्या खोलीचे अनुरणनही संपले. संचाने ज्या काळाची आठवण करून द्यावी, त्या काळाचा गाभाच, एकत्र वाजवणे, संचात येऊ शकत नाही.

४

आतापर्यंतचा विचार ड्रमसेटपुरता होता. ड्रमसेटचा आघात बराचसा सुटा असतो. काठीने मारले की नाद निघतो आणि हात मोकळा होतो. म्हणूनच त्याचे नमुने काढणे सोपे गेले. नमुनापद्धतीची खरी परीक्षा आपल्या हातवाद्यांपाशी होते.

तबल्याचा 'धा' घेऊ. तो दोन हातांचे दोन आघात मिळून होतो. नाव मात्र एकच. हातांचे दोन नमुने वेगळे साठवून एकत्र वाजवले तर 'धा' होतो का? ध्वनिदृष्ट्या जवळपास होतो. 'तिरकिट'मध्ये एकाच प्रकारच्या आघाताला शेजार बदलला की वेगळे अक्षर मिळते. उलट एकच अक्षर घराण्यागणिक वेगळ्या आघाताने वाजते. म्हणजे बोल ही आघाताची खूणचिठ्ठी नाही. शेजारच्या बोलांशी असलेल्या संबंधातून त्याला मूल्य येते. सोस्यूरच्या भाषाविचाराशी परिचित असलेल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. पण आपल्याकडे याहून कडवी भूमिका मांडली गेली आहे. भर्तृहरीच्या मते अर्थाचा खरा घटक वाक्य हा आहे. पदे आणि वर्ण ही विश्लेषणाच्या सोयीसाठी केलेली कल्पना होय; वाक्यस्फोट अखंड आहे. नमुनापद्धतीचे गृहीत याच्या नेमके विरुद्ध आहे. तिच्या मते वर्ण खरे, वाक्य म्हणजे त्यांची मांडणी.

ढोलकीने हा वाद निकालात काढला असे म्हणावेसे वाटते. ढोलकीच्या डाव्या पुडीवर थाप पडल्यावर हाताचा दाब बदलत जातो आणि नाद चढतो वा उतरतो. हा घुमारा म्हणजे एक स्थिती नव्हे. ती एका स्थितीतून दुसरीकडे जाणारी गती आहे. ती कुठे थांबेल हे पुढच्या थापेवर आणि पुढची थाप गाणाऱ्याच्या श्वासावर अवलंबून असते. लावणीत ढोलकी पायातल्या चाळांशी बोलते, हे तर सर्वांना ठाऊक आहे. अशा नादाचे आठ-दहा चढउतार साठवून ठेवता येतात आणि ठेवले जातातही. पण ते मग दहा ठरावीक उत्तरे असलेल्या माणसाशी बोलण्यासारखे होते.

वर उल्लेखिलेल्या माझ्या विद्यार्थ्याने हे मला सिद्धान्ताशिवाय दाखवले. त्याचे वडील पूर्वी परळच्या एका बेंजो पथकात ढोलकी वाजवीत. विकतच्या संचातली ढोलकी त्याला पसंत पडेना, म्हणून माळ्यावरची जुनी ढोलकी त्याने उतरवली, कड्या सारून दोरी ताणली, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि वडिलांना एकेक थाप स्वतंत्र वाजवायला सांगितली. वडील थोडा वेळ तसेच बसले. मग म्हणाले, "अरे, एकेक थाप कशी मारू? गाणं कोणतं ते सांग." मुलगा हसून मला म्हणाला, "सर, त्यांना कळलंच नाही मला काय हवंय ते." माझ्या मते त्यांना बरोबर कळले होते. जे मागितले जात होते ते त्यांच्या वाद्यात अस्तित्वातच नव्हते. गाण्याबाहेरची थाप ही त्यांच्या दृष्टीने थाप नव्हे, केवळ आवाज होता.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात लयीची जी उपपत्ती मांडली तिचा इथे उपयोग होतो आणि तिची मर्यादाही इथे दिसते. मर्ढेकरांच्या अर्थाने लय म्हणजे गती नव्हे. संवेदनांमधील संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांनी बांधलेली रचना. हे मान्य केले तर सुट्या नमुन्यांच्या संचाला लय असूच शकत नाही. ती वापरणाऱ्याने निर्माण करायची असते. येथवर ही उपपत्ती नमुन्यांतून गाणे रचणाऱ्याच्या बाजूने उभी राहते आणि तसे होणे न्याय्य आहे. पडद्यावरच्या जाळीत आघात मांडणारा मुलगा निर्माताच आहे. त्याला नक्कलकार म्हणून हिणवणे हा आळशी समीक्षेचा प्रकार होईल. ज्या खोलीत खाट मांडली की चालायला जागा उरत नाही, तिथे ड्रमसेट येणार कसा? नमुन्याने त्याला वाद्य दिले, जागा न मागता. मात्र मर्ढेकरांच्या लयीत संवेदना आहेत, संबंध आहेत. कोणाच्या शरीरातून त्या संवेदना आल्या याला स्थान नाही. नमुन्याचा प्रश्न तर नेमका तिथेच सुरू होतो.

५

नमुन्याचे दोन प्रकार इथे वेगळे करायला हवेत. जुन्या ध्वनिमुद्रिकेतून वाद्याचा एखादा तुकडाच उचलून नव्या गाण्यात वापरला जातो, तेव्हा ते अवतरण असते. व्हिंटेज संचातून सुटे आघात घेतले जातात, तेव्हा तो कोशाचा वापर असतो. अवतरणात मूळ वादकाची लय, त्याचा दोन आघातांमधला विलंब, त्याची चाल, सगळे येते. म्हणजे वाक्य येते. कोशात फक्त शब्द असतो.

अवतरणाचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. 'द विन्स्टन्स' या वाद्यवृंदाच्या १९६९ च्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन या वादकाने सुमारे सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवला. १९८० च्या दशकापासून तो तुकडा हजारो ध्वनिमुद्रिकांत वापरला गेला. संगीताच्या काही शाखा तर त्याच्यावरच उभ्या राहिल्या. कोलमन यांना त्याचा मोबदला मिळाला नाही. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते बेघर होते. २०१५ मध्ये चाहत्यांनी सुमारे २४,००० पौंड जमवून वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना दिले. रोलाँ बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली ती याच सुमारास, १९६७-६८ मध्ये. ती घोषणा वाचकाला मुक्त करण्यासाठी होती. पण ज्याला कधी लेखक मानलेच गेले नाही त्याच्या बाबतीत तिचा अर्थ काय होतो? कर्त्याचे सिंहासन रिकामे करण्याआधी त्यावर कोण कोण बसू शकले नव्हते, हे पाहणे भाग आहे.

अवतरणात निदान ऋण दाखवता येते. तो सात सेकंदांचा तुकडा कोलमन यांचा आहे हे ऐकून ओळखता येते. कोशात तेही उरत नाही. सुट्या आघाताला सही नसते. आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात तर अवतरणाच्या पातळीवरही नावे नव्हती. श्रेयनामावलीत संगीत दिग्दर्शक असे, त्याचे साहाय्यक असत, वादक नसत. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथाने या वादकांच्या मुलाखतींतून तो इतिहास मांडला. पडद्यामागचे हे शीर्षक अलंकारिक नाही, वस्तुस्थितिदर्शक आहे.

कायद्याचा तर्कही पाहण्यासारखा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्याचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांत नैतिक हक्कांची भर पडली. प्रयोगकर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी हा पहिला नैतिक हक्क. आपल्या प्रयोगाचे विद्रूपीकरण होऊ नये हा दुसरा. पण त्याच दुरुस्तीत एक परंतुक आहे. चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक वा आनुषंगिक आहे आणि व्यवसायाच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत वा अन्यत्र येत नाही, तो यांपैकी दुसऱ्या हक्कापुरताच प्रयोगकर्ता मानला जाईल. पार्श्वभागी वाजवणाऱ्याला हे कितपत लागू व्हावे हा न्यायालयांचा विषय. साहित्याच्या अभ्यासकाला यातले वर्तुळ दिसते : ज्याचे नाव देण्याची रूढी नाही, त्याला नाव मागण्याचा हक्क नाही. विद्रूपाविरुद्ध तक्रार करता येईल. पण हा चेहरा माझा होता, असे म्हणता येणार नाही.

६

गिरणगावात हा प्रश्न आणखी एका थराने गुंतागुंतीचा होतो. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, धर्म, कला, जन अशा कोटी कल्पिल्या. डफ, हलगी, ढोलकी, संबळ ही वाद्ये लोकसंगीतातून जनसंगीतात गेली, असे त्या परिभाषेत म्हणता येईल. परंतु ही वाद्ये गावगाड्यात मोकळी नव्हती. ती विशिष्ट जातींच्या हातांना बांधलेली होती. हलगी वाजवणे हे महार-मांगांच्या वाट्याला आलेले काम होते. त्याला मोबदला अनिश्चित आणि नकाराला जागा नाही. त्यामागे चामड्याच्या स्पर्शाचे शास्त्र होते. वाद्याचा नाद देवाच्या पालखीपुढे चाले, वाजवणारा हात देवळाच्या पायरीशी थांबे.

गावातून गिरणीत आलेल्या माणसांनी परळ-लालबागच्या चाळींत ही वाद्ये आणली, तेव्हा त्यांचा अर्थ बदलला. १९२४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये घेतलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभा आकाराला आली. पुढे चळवळीने गावकीची कामे सोडण्याचा आग्रह धरला. आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साज घेतला, पण गवळण वगळली आणि गणातले नमन बदलले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. डफ-तुणतुणे गिरणीच्या दारापर्यंत गेले. म्हणजे वाद्य टाकणे आणि वाद्य पुन्हा स्वतःच्या अटींवर उचलणे, या दोन्ही कृती स्वाभिमानाच्या होत्या. हात तोच राहिला. त्याने कोणासाठी वाजवायचे हे बदलले.

आता नमुना या हातालाच अनावश्यक करतो. ऑक्टापॅडच्या आठ रबरी चौकोनांवर काठी मारली की हलगीही वाजते आणि लुडविगचा स्नेअरही. याचे स्वागत करावे की खेद? याला सोपे उत्तर नाही, ते असल्याचा आव आणू नये. हलगी कोणीही, कोणत्याही जातीच्या माणसाने वाजवावी, तिच्यापासून विटाळाची कल्पना सुटावी, हे इष्टच आहे. रबराला जात नाही. पण विटाळ सुटला की इतिहासही सुटावा, ही अट कोणी घातली? विदेशी व्हिंटेज संचाच्या जाहिरातीत ड्रमच्या कारखान्याचे नाव, वर्ष, लाकडाची जात आणि मायक्रोफोनचा क्रमांकही असतो. माझ्या विद्यार्थ्याच्या संगणकावरील देशी वाद्यांच्या संचात 'ढोलकी १', 'ढोलकी २', 'हलगी लूप' अशी नावे होती. एका बाजूला वस्तूची वंशावळ, दुसऱ्या बाजूला क्रमांक. वादकाचे नाव दोन्हीकडे नाही, हे खरे. पण पहिल्या बाजूला निदान वस्तूला इतिहास असल्याचे मान्य केलेले आहे. आपल्या वाद्याला 'व्हिंटेज' होण्याचाही मान मिळत नाही. ते कालातीत, म्हणून बेवारस मानले जाते. 'लोक' या शब्दाचा हा दुरुपयोग साहित्यसमीक्षेला ओळखीचा आहे. ओवी लोकांची म्हटली की ती रचणाऱ्या बाईचे नाव विचारण्याची गरज उरत नाही.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, भोंगे थांबले. बेंजो पथकांतून ढोलकी, ताशा वाजवणारी एक पिढी थकली. त्या वादनाचे जे काही उरेल, ते पुष्कळसे ध्वनिमुद्रित रूपातच उरेल. म्हणून नमुना नको, असे म्हणणे ही चैन आहे. प्रश्न एवढाच की कोणत्या एककात साठवायचे आणि कोणत्या नावाने.

७

वाल्टर बेंजामिनने यांत्रिक पुनर्निर्मितीच्या काळात कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे १९३६ मध्ये म्हटले. व्हिंटेज संचाने या विधानाला एक विचित्र पुरवणी जोडली आहे : तेजोवलय लोपत नाही, ते वेगळे काढून विकता येते. मात्र विकता येते ते वस्तूचे आणि खोलीचे. हाताचे वलय, म्हणजे पुढची थाप कोणती हे ठरवणारी जाण, नमुन्यात येत नाही. ती वाक्यातच असते.

समीक्षेचे काम इथे निषेध करण्याचे नाही, वाचण्याचे आहे. नमुन्यांवर उभ्या असलेल्या रचनेपुढे तिने निदान तीन प्रश्न ठेवावेत. या रचनेचे एकक कोणते, शब्द की वाक्य? तिच्यातले अनुरणन कोणत्या खोलीचे, रिकाम्या की भरलेल्या? आणि तिच्यामागचा हात कोणाचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कान लावून मिळतात. तिसऱ्याचे उत्तर कोणीतरी लिहून ठेवले असेल तरच मिळते.

माझ्या विद्यार्थ्याने शेवटी एकेका थापेचा नाद सोडला. त्याने एक जुने गाणे लावले, वडिलांच्या कानाला ते ऐकवले आणि त्यांना सलग वाजवू दिले. वीसेक मिनिटांच्या त्या मुद्रणात गल्लीतल्या गाडीचा भोंगा आहे, मध्येच आईची हाक आहे. विकतच्या संचाच्या कसोटीला ते उतरणार नाही. त्या मुद्रणाला नाव देताना त्याने वडिलांचे संपूर्ण नाव, पथकाचे नाव, परळ आणि तारीख असे लिहिले. त्यातले ठेके आता तो आपल्या गाण्यांत वापरतो. लांबच्या लांब, न तोडता.